पायाखालचे पहिले पंधरा मीटर

वाकड, मोशी, चिखली, चाकण... कुठल्याही गृहप्रकल्पाचं माहितीपत्रक उघडा. जलतरण तलाव आणि क्लब हाउसच्या चित्रांखाली ‘भूकंपरोधक आरसीसी बांधकाम’ ही ओळ ठरलेली असते. सळई कोणत्या प्रतीची, टाइल्स किती बाय किती, हेही असतं. इमारत ज्या जमिनीवर उभी राहणार आहे तिच्याबद्दल मात्र चकार शब्द नसतो. मुरूम किती खोलीवर लागला? प्लॉटवर पूर्वी ओढा होता की दगडाची खाण? भूकंपात इमारतीला बसणारा हिसका किती जोराचा असेल आणि कोणत्या लयीत येईल, हे ठरवण्यात या जमिनीचा वाटा मोठा असतो. आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ही जमीन एका चौकातून दुसऱ्या चौकात जाईपर्यंत बदललेली असते.

भूकंप येणार कुठून?

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १८९३ या संहितेच्या २०१६च्या आवृत्तीत पुणे परिसर भूकंपक्षेत्र तीनमध्ये आहे. म्हणजे मध्यम धोक्याचा प्रदेश. कोयनेचा भाग त्याहून वरच्या, चौथ्या क्षेत्रात येतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली आणि धरणाच्या भिंतीला तडे पडले. सरळ रेषेत मोजलं तर कोयनानगर पिंपरीपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर जमीनदोस्त झाला, तो इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास. दोन्ही वेळा पुण्यात लोकांना धक्का जाणवला. २६ जानेवारी २००१चा भूजचा भूकंपही जाणवला होता आणि तो तर साडेसहाशे किलोमीटरवरचा.

किल्लारीपर्यंत लातूरच्या त्या भागाकडे धोक्याचा प्रदेश म्हणून कुणी पाहत नव्हतं. दख्खनच्या पठाराला ‘स्थिर’ म्हणण्याची सवय तिथे मोडली. पुण्याच्या अगदी जवळ मोठा भूकंप होईलच असं यातून निघत नाही. सहाच्या आतबाहेरचा एखादा भूकंप दीडशे किलोमीटरच्या परिघात होणं अशक्य नाही, एवढं धरून चालणं शहाणपणाचं.

क्षेत्राचा नकाशा मात्र इथेच थांबतो. लोणावळा, निगडी, दापोडी, चाकण सगळी एकाच रंगात. तुमचा प्लॉट त्या रंगात कुठे बसतो, हे त्या नकाशाला माहीत नाही.

खडकावर एक, मातीवर दुसरं

भूकंपाची ऊर्जा लहरींच्या रूपाने येते. इमारतींना आडवं हलवून मोडणाऱ्या मुख्यतः एस-लहरी. ताज्या, न झिजलेल्या बेसाल्टमधून त्या सेकंदाला दीड-दोन हजार मीटर वेगाने जातात. मुरमात हा वेग निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. काळ्या मातीत, नदीच्या गाळात किंवा भरावात तो दीडशे ते अडीचशे मीटरपर्यंत घसरतो. एक्सप्रेसवेवरून सुसाट आलेली वाहनं उर्से टोलनाक्यापाशी वेग कमी झाला की एकमेकांना चिकटून दाटी करतात. लहरींचंही तसंच होतं. वेग पडला, पण मागून येणारी ऊर्जा तेवढीच. मग ती जागा काढते कुठून, तर हेलकाव्याची लांबी वाढवून. खडकावर जमीन जितकी सरकली असती त्यापेक्षा मातीवर ती जास्त सरकते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मातीच्या थराला स्वतःची एक लय असते. वर मोकळी हवा, खाली कठीण खडक, आणि मध्ये अडकलेल्या लहरी वर-खाली आपटत राहतात. या लयीचा आंदोलनकाल काढायचं सूत्र शाळकरी आहे: थराच्या जाडीची चौपट करायची आणि लहरींच्या वेगाने भागायचं. तीन मीटर काळी माती, वेग दीडशे मीटर, तर उत्तर ०.०८ सेकंद. पंधरा मीटर गाळ, वेग दोनशे, तर ०.३ सेकंद. थर जाड होत गेला की लय संथ होते. त्या जमिनीवरच्या इमारतीची लय याच्याशी जुळली की अनुनाद होतो आणि इमारत प्रत्येक हेलकाव्याला आणखी जास्त झुलते.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण मेक्सिको सिटीचं. १९ सप्टेंबर १९८५ रोजी भूकंप झाला पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर. किनाऱ्याजवळच्या खडकावर नुकसान तुलनेने बेताचं होतं. पण शहराचा मध्यभाग टेक्सकोको या जुन्या तळ्याच्या मऊ चिखलावर वसलेला. त्या चिखलाची लय दोन सेकंदांच्या आसपास. सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती नेमक्या त्या लयीला सापडल्या आणि हजारो माणसं गेली. त्याच शहरात टेकड्यांच्या बाजूच्या वस्त्या जवळपास सुखरूप राहिल्या.

आपल्याकडे मेक्सिकोसारखं तळं नाही. म्हणून आपला प्रश्न सुटला असं मात्र नाही. आपली माती पातळ आहे, तेव्हा तिच्या लयीला सापडणाऱ्या इमारती वेगळ्या.

आपल्या पट्ट्यात जमिनीखाली काय आहे?

सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या प्रवाहांनी दख्खनचं पठार घडलं. एकावर एक थर बसत गेले. कोयनेजवळ गोठणे इथे खोदलेल्या तीन किलोमीटर खोल विवरात या बेसाल्टची जाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास निघाली. किल्लारीला मात्र ती साडेतीनशे मीटरच्या आत. प्रत्येक प्रवाहाचा पोत वेगळा. कुठे काळा ठणठणीत पाषाण, कुठे पोकळ्यांमध्ये पांढरं खनिज भरलेला ठिसूळ खडक, तर कुठे दोन प्रवाहांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा मऊ पट्टा. त्यामुळे ‘खडक लागला’ म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं, कारण वरच्या ठणठणीत थराखाली दोन मीटरवर मऊ थर निघू शकतो.

खडकाच्या वरचा भाग झिजून मुरूम होतो आणि मुरमावर काळी माती. सोमाटण्याजवळचा घोरावडेश्वर, इंदोरीजवळचा भंडारा डोंगर इथे लेणी कोरलेली आहेत ती थेट बेसाल्टमध्ये. निगडीची दुर्गा टेकडी किंवा अशाच चढाच्या भागात वीत-दोन वीत मातीखाली मुरूम लागतो. उतार संपून जमीन सपाट झाली की काळ्या मातीची जाडी वाढते.

नदीकाठची गोष्ट निराळी. पवना, मुळा आणि इंद्रायणी या तिन्ही नद्यांच्या वळणांवर जुन्या पुरांनी आणून टाकलेला गाळ आहे. त्यात चिकण माती, बारीक रेती, चुनखडीचे खडे आणि मध्येच गोट्यांचा थर असतो. पण हाही सलग नाही. इंदोरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणी उघड्या खडकावरून, रांजणखळग्यांतून वाहते. तीच नदी खाली आली की काठावर गाळाची दरड उभी दिसते. थेरगाव, रहाटणी, पिंपळे गुरव, सांगवी, दापोडी ही पवना-मुळेच्या काठची जुनी गावं, तर तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होली ही इंद्रायणीकाठची. गावठाणं पूर्वजांनी बहुतेक उंचवट्यावर बसवली होती. नदीच्या बाजूची मळईची जमीन शेतीला ठेवली. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ती शेतजमीनच गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली.

चाकण इंद्रायणी आणि भामा यांच्या मधल्या सपाट पठारावर आहे. इथली जमीन खणता येते, याची इतिहासातली साक्ष म्हणजे संग्रामदुर्ग. १६६० साली शाइस्तेखानाने या भुईकोटाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. अखेर मोगलांनी भुयार खणून बुरुजाखाली सुरुंगाची दारू ठासली आणि बुरूज उडवला. राजगडासारख्या कातळावरच्या किल्ल्याच्या बुरुजाखाली असं भुयार काढणं सोपं नव्हतं. आज त्याच पठारावर नाणेकरवाडी, महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे या गावांच्या शिवारात वाहन उद्योगाच्या शेड उभ्या आहेत.

टॉवर सुटतो, तीन मजली घर सापडतं

लोकांना भीती वाटते उंच इमारतीची. तिसाव्या मजल्यावर फ्लॅट घेताना माणूस दहादा विचार करतो आणि भावाच्या दोन मजली घरात निर्धास्त झोपतो. या पट्ट्यापुरती ही भीती उलटी आहे, असं माझं मत. हिशोब करून पाहू.

संहितेत वीटभिंतींच्या आरसीसी इमारतीचा आंदोलनकाल काढायचं एक ढोबळ सूत्र आहे: उंची मीटरमध्ये घेऊन ०.०९ने गुणायची आणि धक्क्याच्या दिशेतल्या पायाच्या लांबीच्या वर्गमुळाने भागायचं. नव्वद मीटर उंच, पंचवीस मीटर लांब टॉवरचा काल येतो सुमारे १.६ सेकंद. दहा मीटर उंच, नऊ मीटर लांब घराचा येतो ०.३ सेकंद. आता वरचा आकडा आठवा: पंधरा मीटर गाळाची लयसुद्धा ०.३ सेकंद. बारा मीटर सैल भरावाचीही जवळजवळ तेवढीच.

टॉवरची संथ लय आणि आपल्या पातळ मातीची जलद लय यांचा मेळ बसत नाही. शिवाय टॉवरचा पाया दोन-तीन तळघरं खोदून खडकापर्यंत गेलेला असतो, म्हणजे मऊ माती आधीच उचलून बाहेर टाकलेली. भूजसारखा दूरचा मोठा भूकंप संथ लहरी पाठवतो, तेव्हा वरच्या मजल्यावरचं झुंबर हलेल, लोक घाबरतील. पण त्या संथ लहरींना इथली जमीन फारशी फुगवत नाही. उलट जवळचा मध्यम भूकंप जलद लहरी आणतो. जलद लहरी, जलद लयीची माती आणि जलद लयीचं तीन-चार मजली घर अशी तिहेरी गाठ पडते ती नदीकाठच्या गुंठेवारीत.

आणि ते घर कसं असतं? एक-दीड गुंठ्यावर खाली दुकानाचे गाळे किंवा पार्किंग, वर भाडेकरूंच्या खोल्या. पहिल्यांदा दोन मजले चढवले, मुलाच्या लग्नात तिसरा, भाडं चांगलं येतं म्हणून चौथा. खांब मात्र पहिल्या दोन मजल्यांच्या हिशोबाचेच. खाली भिंती नाहीत आणि वर भिंतीच भिंती, म्हणजे सगळा हिसका खालच्या उघड्या खांबांवर. अहमदाबादने २००१ साली हे पाहिलं. भूकंपाचं केंद्र सव्वादोनशे किलोमीटरहून दूर होतं, तरी साबरमतीच्या गाळावरच्या या शहरात पार्किंगवर उभ्या असलेल्या अनेक इमारती खालचे खांब मोडून बसल्या आणि सातशेहून अधिक लोक गेले.

२०२३ साली पिंपरी-चिंचवडच्या अनधिकृत बांधकामांचा शास्तीकर माफ झाला. लोकांची डोकेदुखी गेली, चांगलंच झालं. पण करमाफीने खांबांची जाडी वाढली नाही. घर नियमित होताना स्ट्रक्चरल इंजिनिअरची तपासणी आणि खालच्या मजल्यावर दोन्ही दिशांना काही भिंती किंवा जाकिटं चढवलेले खांब, एवढी अट कडकपणे पाळली गेली तर खरा फायदा.

संहितेच्या तक्त्यात काय सुटतं

आयएस १८९३च्या २०१६च्या आवृत्तीत जमिनीचे तीन वर्ग आहेत: खडक किंवा कठीण माती, मध्यम आणि मऊ. १.६ सेकंदांच्या टॉवरला मऊ जमिनीवर कठीण जमिनीच्या १.६७ पट आडवा जोर धरायला सांगितलेला आहे. ०.३ सेकंदांच्या घराला मात्र तिन्ही वर्गांत एकच आकडा, २.५. म्हणजे जमिनीचा दंड उंच इमारतींना, ज्या बहुतेक वेळा खडकावरच बसतात. बुटक्या घरांना मऊ जमिनीचा वेगळा हिशोबच नाही.

संहिता चुकीची आहे असं यातून म्हणायचं नाही. २.५ हा आकडा आधीच कमाल मर्यादेचा आहे आणि क्षेत्र तीनच्या नीट बांधलेल्या चौकटीला तो वजनाच्या साधारण ४ टक्के आडवा जोर सोसायला लावतो. पण अमेरिकेसारख्या देशांच्या संहिता धक्का मध्यम असेल तिथे मऊ जमिनीसाठी जलद लयीच्या इमारतींचाही आकडा वाढवतात. कठीण खडकावर पातळ मऊ थर ही दख्खनची नेहमीची स्थिती तीन वर्गांच्या तक्त्यात नीट बसत नाही. डिझाइनरने स्वतःहून विचार केला तरच ती हिशोबात येते.

भरावाची जागा

काळी माती आणि गाळ निसर्गाने हजारो वर्षं दाबून ठेवलेला असतो. भराव मात्र गेल्या आठवड्यात डंपरने ओतलेला असतो. त्यात राडारोडा, प्लास्टिक, जुन्या घरांच्या विटा, खाणीची भुकटी असं वाट्टेल ते. थराथराने पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेला मुरमाचा भराव चांगला काम देतो, पण तसा किती ठिकाणी होतो?

मोशी परिसरात दगडाच्या खाणी आहेत. शहर वाढलं तशी खाणींभोवती घरं आली. खाण भरून सपाट केलेल्या जमिनीत एक खास धोका असतो: खाणीची भिंत उभी असते, त्यामुळे प्लॉटचा एक कोपरा खडकावर आणि दुसरा दहा मीटर भरावावर येऊ शकतो. भूकंपात दोन कोपरे दोन तऱ्हेने हलतात, शिवाय भराव दबतो आणि इमारत मधोमध पिळली जाते. बुजवलेल्या ओढ्या-नाल्यांवरही तेच. नवा सातबारा पाहून हे कळत नाही. जुने गाव नकाशे पाहावे लागतात, नाहीतर शेजारच्या वस्तीतल्या सत्तरीच्या आजोबांना विचारावं लागतं की इथे आधी काय होतं.

काळ्या मातीचा एक गैरसमज

उन्हाळ्यात काळ्या जमिनीत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगते. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या चिकण खनिजाचा हा गुण. त्यामुळे जोत्याला आणि कंपाउंडच्या भिंतीला तिरके तडे जातात. खाणीत सुरुंग उडाल्यावर काचा थरथरतात, तेव्हा लोक त्या तड्यांचं खापर सुरुंगावर किंवा ‘बारीक भूकंपा’वर फोडतात. ऋतूबरोबर रुंदावणारे आणि मिटणारे तडे हे मातीचं काम. त्यांनी घर पडत नाही. पण आधीच तडकलेली, बांधणी नसलेली भिंत भूकंपात पहिली जाते, तेव्हा ते तडे बुजवून रंग मारणं हा उपाय नाही.

गाळ पातळ होऊन घर रुतेल का, असंही विचारतात. पाण्याने भरलेली सैल रेती हादऱ्यात दलदलीसारखी होते आणि भूजच्या वेळी कच्छच्या रणात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. चिकण मातीत ते सहसा होत नाही. आपल्याकडे रेतीचे थर तुटक आहेत, तेव्हा ही भीती नदीकाठच्या मोजक्या जागांपुरती.

चाकणच्या शेडमध्ये

आता कारखान्यांकडे. या विषयावर बोलताना घरं आणि शाळा सगळ्यांना आठवतात. दिवसरात्र तीन पाळ्यांत लोक ज्या छताखाली काम करतात, ते बाजूलाच राहतं.

इटलीतल्या एमिलिया-रोमान्या प्रांताचं उदाहरण या पट्ट्यातल्या प्रत्येक प्लांट हेडने वाचावं. पो नदीच्या गाळाचं सपाट मैदान, त्यावर कारखाने. २० मे २०१२च्या पहाटे आणि पुन्हा २९ मेच्या सकाळी सहाच्या आसपासच्या तीव्रतेचे दोन भूकंप झाले. किल्लारीएवढेच म्हणा. २७ लोक मेले आणि त्यांत कारखान्यात पाळीवर असलेले कामगार बरेच होते. तिथल्या अनेक शेडमध्ये काँक्रीटच्या तयार तुळया खांबांवर नुसत्या टेकवलेल्या होत्या, बोल्टने जखडलेल्या नव्हत्या. जमीन सरकली, तुळई निसटली आणि छप्पर खाली आलं. गोदामांत मांडण्यांवर रचलेली पार्मेजान चीजची लाखो चाकं कोसळली.

चाकणच्या बहुतेक नव्या शेड पोलादी चौकटीच्या, हलक्या पत्र्याच्या छपराच्या आहेत, ही जमेची बाजू. छप्पर हलकं असलं की चौकटीवर जोर कमी येतो. धोका आहे तो चौकटीच्या आत. शेड बांधताना खांबाचं फुटिंग काळी माती काढून मुरमावर किंवा खडकावर घेतलं जातं. पण लाखभर चौरस फुटांच्या फरशीखालची सगळी माती कोण काढणार? तिच्यावर मुरमाचा भराव टाकून वर ट्रिमिक्स काँक्रीट ओततात. त्या फरशीवर दहा-बारा मीटर उंच पॅलेट रॅक उभे राहतात आणि चार बोल्टच्या भरवशावर टनांनी माल चढतो. म्हणजे एकाच छताखाली खांब खडकाच्या हालचालीने हलणार आणि रॅक मऊ भरावाच्या. रॅक आणि खांब एकमेकांना बांधलेले असले तर ओढाताण, सुटे असले तर रॅक मोकळा झुलणार.

भोसरी-पिंपरीच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत वेगळी चिंता. तिथे नऊ इंची वीटभिंती, वर सिमेंटचे पत्रे, मधेच नंतर चढवलेला मेझनीन. खांबांना न बांधलेली उंच वीटभिंत आडव्या हिसक्याला टिकत नाही.

यंत्रांचं पाहायचं तर प्रेसचा पाया सहसा खोल आणि भरभक्कम असतो. पण गॅसची पाइपलाइन एका टोकाला खडकावरच्या टाकीला आणि दुसऱ्या टोकाला भरावावरच्या शेडला जोडलेली असते. मध्ये लवचीक जोड नसेल तर फाटते ती तिथेच. १७ ऑगस्ट १९९९ला तुर्कस्तानच्या इझमित औद्योगिक पट्ट्यात भूकंप झाला, तेव्हा तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्याला लागलेली आग काही दिवस धुमसत होती. हादरे थांबले तरी कारखान्यातला अपघात संपत नाही.

बोअरचा कागद वाचायचा कसा

जमीन तपासायची तर प्लॉटवर तीन पायांची घोडी उभी राहते, विंचचा आवाज सुरू होतो. भोक पाडत जाऊन ठरावीक खोलीवर एक पोकळ नळी उतरवतात आणि ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून तिच्यावर पाडत राहतात. नळी पहिले १५ सेंटीमीटर आत गेली की मोजणी सुरू. पुढच्या ३० सेंटीमीटरला किती घाव लागले तो ‘एन’चा आकडा. १०च्या आत म्हणजे संहितेच्या दृष्टीने मऊ, १० ते ३० मध्यम, ३०च्या वर कठीण. घट्ट मुरूम आला की पन्नास घावांतही नळी हलत नाही आणि नोंदीत ‘रिफ्यूजल’ लिहितात. त्यापुढे हिऱ्याच्या बिटाने खडकाचा गाभा काढून लाकडी पेटीत क्रमाने मांडतात.

वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. एकाच प्लॉटवरच्या दोन बोअरमध्ये खडकाची खोली दुपटीने बदलते का? खडक लागल्यावर बोअर निदान तीन मीटर पुढे नेला की तिथेच थांबवला? आणि गाभ्याचे सलग लांब तुकडे निघाले की चुरा? जेसीबीने खड्डा काढून ‘हार्ड लागलं’ असं ठेकेदाराने सांगणं हे या कागदाला पर्याय नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे जमिनीची लय थेट मोजणं. छोटा भूकंपमापक जमिनीवर ठेवून वाहतुकीच्या आणि वाऱ्याच्या सूक्ष्म कंपनांवरून ती काढता येते. जपानच्या नाकामुरांनी १९८९ साली ही रीत लोकप्रिय केली. किंवा जमिनीवर पट्टी ठेवून घणाचा घाव घालायचा आणि ओळीने लावलेल्या जिओफोनवरून लहरींचा वेग काढायचा. दोन्हींना खोदाई लागत नाही.

नकाशा कोणी करायचा?

२२ मे १९९७च्या भूकंपानंतर जबलपूरचा सूक्ष्म भूकंपक्षेत्र नकाशा तयार झाला. शहराचे तुकडे पाडून कुठे किती हादरेल हे सांगणारा. पुढे दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, गुवाहाटी यांचेही झाले. आपल्याकडे पूररेषा आहेत: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मे २०२५मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले, तेव्हा नकाशावरची रेष किती खरी असते हे शहराने पाहिलं. जुन्या पुरांचा गाळ याच पट्ट्यात आणि त्याच्या आसपास साठलेला आहे. म्हणजे पूररेषेचा नकाशा हा हादऱ्याच्या नकाशाचा कच्चा आराखडा म्हणून सुरुवातीला वापरता येईल.

पक्का नकाशा करायला सगळं नव्याने खोदावं लागणार नाही. पिंपरी ते दापोडी मेट्रोच्या खांबांच्या पायासाठी जमीन तपासलेली आहे. उड्डाणपुलांसाठी, पाण्याच्या टाक्यांसाठी, हिंजवडीपासून चाकणपर्यंतच्या टॉवर आणि कारखान्यांसाठी बोअर मारलेले आहेत. हे कागद सल्लागारांच्या कपाटांत आणि परवानगीच्या फायलींत विखुरलेले आहेत. महापालिका, पीएमआरडीए आणि एमआयडीसी या तिघांनी ते एकत्र मागवले, पुण्यातल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या किंवा खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राच्या हाती दिले, तर कामाचा मोठा भाग उरकेल.

तोपर्यंत फ्लॅट बुक करणाऱ्याने बिल्डरकडे आणि सोसायटीच्या समितीने हस्तांतराच्या वेळी जमीन तपासणीचा अहवाल लेखी मागावा. कारखान्याच्या सुरक्षा समितीने पुढच्या बैठकीत रॅकचे बोल्ट, वीटभिंती आणि गॅसचे जोड हे तीन विषय घ्यावेत. आणि नदीकाठी पार्किंगवर घर असणाऱ्याने पाचवा मजला चढवण्याआधी ते पैसे खालच्या खांबांवर खर्च करावेत.